डब्यावरचं नाव

बेहाला, कोलकाता
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं

चि. देवयानी,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण आईला तू तसं कळवतेस आणि आई मला त्यातलं निम्मं सांगते.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तू "हो बाबा", "बरं बाबा" म्हणतेस आणि मी पुण्याचं तापमान विचारतो. ते मला इथे बसूनही कळतं. शिवाय आज जे लिहायचंय ते कागदावर, तारखेसकट आणि सहीसकट असायला हवं. का, ते पुढे येईल.

आधी घरच्या बातम्या. आईचा गुडघा बरा आहे. सरकता जिना चालू असेल तर मेट्रोनं माझेरहाटपर्यंत एकटी जाऊन येते, बंद असेल तर स्टेशनच्या दारातून परत फिरते. समोरच्या बिस्वासबाबूंनी गच्चीवर टोमॅटो लावलेत आणि रोज सकाळी मला बोलावून एकच टोमॅटो दाखवतात. नोलेन गूळ बाजारात आलाय, पण मी घेतला नाही. थंडी पडल्याशिवाय खजुरीला खरा रस सुटत नाही. आत्ता विकतात त्यात साखर असते. पंधरा डिसेंबरनंतर घेईन.

खात्यात नवीन काही नाही. नदीची खोली मोजायची, नकाशा काढायचा, नकाशा छापून येईतो वाळूचा दांडा सरकलेला असतो, मग जुन्यावर "रद्द" असा शिक्का मारायचा. तुझ्या शाळेच्या वह्यांना त्या रद्द नकाशांची कव्हरं असायची, आठवतं? तुझ्या बाई म्हणाल्या होत्या, हिच्या गणिताच्या वहीवर समुद्र आहे. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगितलं होतं की समुद्र नाही, नदी आहे, आणि कुठल्या वळणावरची तेही सांगितलं होतं.

आता मुद्द्याकडे येतो.

गुरुवारी ऑफिसातून आलो तर जेवायच्या टेबलावर माझ्या जागी मेतकुटाचा डबा. ताट नाही, वाटी नाही, नुसता डबा. हे काय म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "नाव वाचा."

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते भांडं दुसऱ्याकडे राहून जाऊ नये म्हणून. ह्या डब्यावर तुझ्या विनायकमामानं घालून दिलंय: "चि. देवयानी, १२-६-२००८." तुझा सहावा वाढदिवस. सतरा वर्षं झाली, अक्षर अजून स्वच्छ आहे.

मग कळलं ते असं. तुझा एम.ए.चा प्रबंध एक डिसेंबरला द्यायचा आहे. विषय हेराक्लिटस. (आपल्या घरी तो "एफिससकर" म्हणूनच राहतो. एफिसस गावचा म्हणून एफिससकर, हे बारसं तू सातवीत असताना केलंस.) त्यातल्या तिसऱ्या प्रकरणात तू डब्याची गोष्ट लिहिली होतीस, आणि ती काढून टाकलीस. आईला म्हणालीस, "बाबांच्या लेखात छापून आलंय ते. आता मी लिहिलं तर बाबांचं चोरल्यासारखं दिसेल." आणि म्हणालीस, बाबांना सांगू नकोस. आईनं आधी डबा ठेवला. बाकीचं मी दोनदा विचारल्यावर सांगितलं. तिच्यावर रागवू नकोस.

मी मेतकूट-भात जेवलो.  मग तीन दिवस जुन्या वह्या चाळत होतो.

जे घडलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे हे पत्र तुझ्या मार्गदर्शक बाईंनाही दाखवता येईल.

२३ मे २०१२, बुधवार. तुला दहा पूर्ण व्हायला वीस दिवस होते. उन्हाळ्याची सुट्टी, साहेबांची तोंडी परवानगी, आणि तू माझ्याबरोबर मोजणीच्या लाँचवर. डायमंड हार्बरच्या खाली आपण नांगर टाकून उभे होतो. ओहोटी संपत आली होती. जलपर्णीचे हिरवे झुपके सावकाश समुद्राकडे चालले होते. मी पुढच्या टोकाला यंत्राशी आणि तू मागे, खोली मोजायच्या जुन्या दोराशी. त्या दोराला टोकाशी शिशाचं वजन असतं. ते तुला जड वाटलं म्हणून तू सोडवलंस.

नाही, हे चुकीचं लिहिलं. जड वाटलं म्हणून नव्हे. तू मला कारण सांगितलं होतंस आणि ते मला शब्दशः आठवतं: "शिसं सरळच खाली जातं, त्याला पाणी हलवू शकत नाही. मला पाणी काय म्हणतं ते बघायचं होतं." म्हणून तू तुझ्या ह्याच डब्यातली पोळी-भाजी माशांना घातलीस, डब्यात पाणी भरलंस, कडीला दोर बांधलास आणि डबा सोडलास.

दोर आधी समुद्राकडे कलला, जलपर्णी जात होती तिकडेच. चार मीटरच्या खुणेला सरळ झाला. सात मीटरला उलटा फिरला आणि कोलकात्याकडे कलला. वरचं पाणी जात होतं आणि त्याच क्षणी तळाचं पाणी येत होतं. तू माझी नोंदवही घेतलीस आणि पेन्सिलीनं चित्र काढलंस. एकाखाली एक दोन उलटे बाण, मधे डबा, डब्याला कडीसुद्धा. खाली लिहिलंस: "नदी एकाच वेळी जाते आणि येते. ८.४०."

मी आलो तेव्हा डबा वर आला होता, गाळानं माखलेला. मला आधी दिसली ती सरकारी वहीतली पेन्सिल. तुला म्हटलं, ओहोटी म्हणजे ओहोटी, लाँच हलली असेल. लाँच चालवणारा म्हातारा सारंग सुकाणूजवळून म्हणाला, "मेये ठिकई बोलछे, बाबू." पोरगी बरोबर सांगतेय, तळाला भरती आधी लागते. मी त्याला नांगराकडे बघायला सांगितलं. मग लाल पेन काढलं, तुझ्या चित्रावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: "निरीक्षण चुकीचे." आणि खाली सही. नऊ वर्षांच्या मुलीच्या चित्रावर मी तारखेसकट सही केली.

तू रडली नाहीस. येताना सगळा वेळ डब्याच्या कडीतला गाळ काडीनं काढत बसलीस.

चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, त्याच जागी मी प्रवाह मोजायचं यंत्र तळापर्यंत सोडलं. कामासाठी वरचा थर पुरतो, तळाशी जायला मला कोणी सांगितलं नव्हतं. काटा उलटा फिरला. वेळ आणि वेग टिपून ठेवला, घरी आलो आणि तुला काही सांगितलं नाही.

पुढचं तुझ्यासमोर झालंय. यंदा ९ मार्चला मराठी मंडळात माझं भाषण, एफिससकर आणि हुगळी. तेच पुढे मंडळाच्या अंकात लेख म्हणून छापून आलं. मी म्हणालो, "मे २०१६ मध्ये मी दोराला एक डबा बांधून सोडला." टाळ्या पडल्या. चंद्रकांतराव, ज्यांनी तीस वर्षं बँकेत कोणाची स्तुती केली नसेल, ते उठून म्हणाले की एवढं तत्त्वज्ञान तुम्ही डब्यात भरून आणलंत. तू तिसऱ्या रांगेत होतीस. तूही टाळ्या वाजवल्यास. टॅक्सीत तू एवढंच विचारलंस.

"बाबा, डबा कोणाचा होता?"

"घरचाच होता," मी म्हणालो.

तू हसलीस आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस. आठ महिने झाले, तू अजून तिकडेच बघतेयस असं मला वाटतं.

ह्या आठ महिन्यांत मी एफिससकराचाच आधार घेतला. सगळं वाहतं, तर २०१२ मध्ये लाल रेघ मारणारा माणूस वेगळा आणि व्यासपीठावरचा वेगळा, असं स्वतःला समजावलं. पण मग टाळ्याही त्या दुसऱ्याच कोणाच्या झाल्या असत्या, आणि त्या तर मी व्यवस्थित घरी आणल्या होत्या. आणि तूच मला कितीदा सांगितलंयस की लोक त्याचं अर्धंच घेतात. पाणी बदलतं म्हणून नदी नाहीशी होत नाही, पाणी बदलतं म्हणूनच ती नदी राहते. थांबलं तर डबकं. मी तोच आहे, बाळा. तेरा वर्षांचं पाणी गेलं तरी तोच.

का केलं, हे आईनंही विचारलं नाही, पण तुला सांगायला हवं. त्या हॉलमध्ये सगळे शिकलेले. बँकेतले, न्यू टाउनच्या कंपन्यांतले. मी विसाव्या वर्षी दोर ओढायला लागलो आणि खात्याच्या परीक्षा देत इथवर आलो. कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवरून जुना कोश आणून ग्रीक अक्षरं लावायला तीन वर्षं घेतली. त्याचा मला अभिमान आहे आणि राहील. पण बोलायला उभा राहिलो तेव्हा दिसलं की माझ्याजवळचं सगळं वाचलेलं आहे, दुसऱ्यांचं. स्वतः पाहिलेलं असं एकच होतं. आणि ते तुझं होतं.

वर एक ओळ खोटी लिहिली आहे. खोडत नाही, इथे दुरुस्त करतो. मी आलो तेव्हा डबा वर आलेला नव्हता. तो पाण्यात होता. दोर कोलकात्याकडे कललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, त्याच्या शेजारून जलपर्णी उलट दिशेनं जाताना पाहिली. डबा मीच ओढून वर घेतला. आणि मग "चुकीचे" लिहिलं. एकवीस वर्षं त्या नदीवर काढून मला जे दिसलं नव्हतं, ते तुला एका सकाळीत दिसलं, हे मला सहन झालं नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

तेव्हा मनाच्या तळाशी अभिमान होता का? आज म्हणावंसं वाटतं की होता. पण नोंद नाही, म्हणून म्हणत नाही. मी आयुष्यभर वरचाच थर मोजला.

आज सकाळी मंडळाची मासिक सभा होती. मी उभा राहून सांगितलं की तो डबा, तो दोर, ती कल्पना माझ्या मुलीची. अंकात छापलंय ते चूक आहे. चंद्रकांतराव लगेच म्हणाले, "अहो दत्तोपंत, लेकीचं ते बापाचंच की." सगळे हसले. अंकाचं काम बघणाऱ्या यामिनीताई चहा ओतायला लागल्या. खुर्ची पुढे केल्यासारखं झालं, बसलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, लेकीचं ते लेकीचं, शुद्धिपत्र छापा. यामिनीताई म्हणाल्या, अंक तर केव्हाच वाटून झाले. एकशे बत्तीस. मग चिठ्ठ्या छापा, म्हटलं, मी घरोघर जाऊन चिकटवतो. पुढच्या रविवारी न्यू टाउनपासून सुरुवात आहे. आई येणार म्हणते, डिंक ती धरेल.

निघताना चंद्रकांतरावांनी दारात विचारलं, "मग त्या लेखात तुमचं असं काय राहिलं हो?"

"लाल रेघ," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही.

सोबत ते पान पाठवतोय. झेरॉक्स नाही, मूळ पान. चौतीस वर्षांच्या वह्यांतून मी फाडलेलं हे पहिलंच. पट्टी लावून फाडलंय. माझी लाल रेघ तशीच ठेवली आहे. आमच्या कामात जुनी नोंद खरवडत नाहीत, ती वाचता येईल अशी राहू देतात आणि शेजारी नवी लिहितात. माझी चूकही वाचता आली पाहिजे. तुझं प्रकरण परत घाल. एक डिसेंबरला पंधरा दिवस आहेत. पान कुरिअरनं बुधवारपर्यंत मिळेल, न मिळाल्यास आईला कळव.

डबा मात्र पाठवत नाही. मेतकूट दुसऱ्या बरणीत काढून, घासून, रिकामा करून ठेवलाय. कडीत अजून थोडा गाळ आहे, तो मी काढला नाही. ज्याचं नाव त्यानं येऊन न्यावा. गूळ पंधरा डिसेंबरनंतर चांगला मिळतो, हे वर लिहिलंच आहे.

पानावर आज जे लिहिलं ते इथेही उतरवून देतो, म्हणजे दोन्हीकडे एकच राहील:

दुरुस्ती, १६-११-२०२५. निरीक्षण बरोबर.
निरीक्षक: देवयानी, वय ९.
तपासणारा चुकला. त्याची सही खाली.

तुझा,
बाबा