बाबांचा स्वेटर

प्रिय ताई, लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खोलीत सकाळी ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे?

कोशाच्या कामात सध्या माझ्याकडे एक हिब्रू क्रियापद आलंय. त्याचे अर्थ कार्डांवर उतरवतोय: कपडे काढणे, धाड घालणे, जनावराचं कातडं सोलणे. लढाईत मेलेल्यांच्या अंगावरचं काढून घेणे, हा अर्थ लिहिताना मात्र हात अडला. माझ्या अंगात बाबांचा स्वेटर होता.

तू लिहिलंस, "कामाच्या मावशींनीच लांबवला, दुसरं कोण येतं घरात? काढून टाकलं त्यांना." ताई, तो मी आणला. बाबा गेल्यावर नर्सने तो काढून माझ्या हातात दिला. तू बाहेर रडत होतीस. मी गुपचूप माझ्या पिशवीत कोंबला; तुला वाटलं, दवाखान्यातल्या सामानाबरोबर तो घरी आला. मागितला तर तू देणार नाहीस असं वाटलं. खरं तर, तू दिला असतास हेही ठाऊक होतं.

मावशींना परत बोलाव. माझं नाव सांगून माफी माग. मीही त्यांना वेगळं लिहितोय.

स्वेटर पार्सलने पाठवतोय. कॉलरला अजून तपकिरीचा वास आहे, म्हणून धुतला नाही. तूही इतक्यात धुऊ नकोस.

तुझा,
शब्दांचा हमाल