कॉम्प्युटरला डिस्क सापडेना

ती. वन्सं यांना,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत ते आधी कळवा. माझे हल्ली जिना चढताना आवाज करतात, त्यामुळे मी येतेय हे घरात सगळ्यांना आधीच कळतं. (सगळ्यांना म्हणजे ह्यांना. आता दोघंच आहोत.) तुमच्या नव्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला ह्यांनी भर पाहुण्यांत ‘खेळणं’ म्हटलं त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून तुम्हां बहीण-भावांचं बोलणं नाही, हे मी विसरलेले नाही. पण इथे जे घडलं ते तुमच्याशिवाय सांगू कोणाला?

गेल्या मंगळवारी सकाळी ह्यांनी कॉम्प्युटर चालू केला तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ : हार्ड डिस्क सापडत नाही. मी म्हटलं, जाणार कुठे, डब्यातच असेल. एवढ्यावर चिडले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुकान बंद झालं तरी हात कुठे बंद झालेत? डोळ्याला भिंग लावून डबा उघडला, स्क्रू काढले आणि आकारानुसार माझ्या वाट्यांत मांडले. (तीन दिवस आम्ही आमटी कपातून प्यायलो.) आतली धूळ माझ्या हेअर ड्रायरने उडवली, ती सगळी खिडकीच्या पडद्यांवर जाऊन बसली. मग आत बटणाएवढा सेल दिसला, तेव्हा परक्या गावात ओळखीचं कोणी भेटावं तसा ह्यांना आनंद झाला. लगेच तो बदलला, वेळ लावली. परिणाम असा, की कॉम्प्युटर तारीख, वार, सेकंद सगळं बिनचूक सांगू लागला. डिस्क तेवढी त्याला सापडेना.

शेजारी निवृत्त लाइनमन राहतात. ते रोज डोकावून सांगत, की दोष नेहमी वायरीत असतो. हे त्यांना चहा देत आणि ऐकून न ऐकल्यासारखं करत, कारण घड्याळात वायर नसते. शेवटी डिस्क वायरींसकट बाहेर ओढून कानाशी धरून बसले. “फिरतेय,” म्हणाले, “जीव आहे तिच्यात.”

गुरुवारी मात्र जेवले नाहीत. वन्सं, दुकानाला शेवटचं कुलूप लावलं त्या दिवशीही ते जेवले होते. असं आहे तरी काय त्यात, असं मी विचारलं. “लिहिलंय थोडंफार,” एवढंच म्हणाले आणि भिंग पुसत राहिले. माझी चेष्टा तिथेच थांबली. ह्यांना न विचारता मी दुरुस्तीवाल्या मुलीला फोन केला.

तिने पाच मिनिटांत एक चपटी वायर बदलली आणि डिस्क दिसू लागली. डबा कोणी उघडला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मीच, धूळ काढत होते. ती वाट्यांकडे बघून म्हणाली, “स्क्रू फार नीट ठेवलेत, काका.” तीन दिवसांनी ह्यांचा चेहरा माणसात आला. (लाइनमन संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. त्यांना तिच्या तोंडून ‘वायर’ हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकायचा होता.)

बाकी क्षेम. घरात सगळ्यांना नमस्कार सांगा.

तुमची भावजय

ता. क. : त्या मुलीने सगळ्याची एक नक्कल काढून दिली, तेव्हा मला फायलींची नावं दिसली. ‘ताईस पत्र १’ पासून ‘ताईस पत्र ३१’ पर्यंत. मी वाचली नाहीत. (पहिलं आणि शेवटचं, एवढीच वाचली.) पहिलं नऊ पानांचं आहे आणि त्यात सगळी चूक तुमची आहे. एकतिसाव्यात फक्त ‘कशी आहेस?’ आहे.

ता. क. दुसरा : मी हे सांगितल्याचं त्यांना कळू देऊ नका. तुम्ही मोठ्या आहात, एक फोन करा. ते स्वतः करणार नाहीत.

ता. क. तिसरा : मी पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे मागे येऊन उभे राहिले. कोणाला लिहिलंस, म्हणाले. मी खरं ते सांगितलं. त्यांनी पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला. मग म्हणाले, “घर नंबर चुकलाय,” आणि नवं पाकीट आणलं. पत्ता त्यांच्या हातचा आहे.