डावी बाहुली

४ मार्च
डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झालीये! उजवी मोहरीएवढी, डावी मिऱ्याएवढी. दुखत काहीच नाही. वहिनीला दाखवली. म्हणाली, कॉलेज सोडून प्रेमात पडलात भावोजी, डोळे फिरणारच. आरसा आपटणार होतो — पण तो तिचा.

५ मार्च
नर्सरीतली रोपांची कामं टाकून मुद्दाम समोरच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. चष्मेवाली काउंटरवर एकटीच. माझ्या डोळ्यांत बघत राहिली — एकटक! छातीत नुसती धडधड. आणि म्हणते काय,
"हे कधीपासून आहे? आधी डॉक्टरकडे जा."
म्हणजे मला बघतच नव्हती, बाहुली बघत होती. तणतणत बाहेर पडलो. पण काळजी वाटल्याशिवाय कोणी सांगतं का? काही कळत नाही.

६ मार्च
डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. डोक्याला मार? डोकेदुखी? एकाचे दोन दिसतात? सगळ्याला नाही म्हणालो. काम विचारलं. परवा मालकांशी भांडलो, हातमोजे त्यांच्या पुढ्यात फेकले, लटकत्या फुलांचं ते धोतऱ्याच्या जातीतलं झाड उघड्या हातांनी छाटलं — सगळं सांगितलं. मग म्हणाले, रस डोळ्यात गेला असेल, त्याने बाहुली मोठी होते, दोन-तीन दिवसांत उतरेल. काहींच्या बाहुल्या जन्मापासूनच थोड्या लहानमोठ्या असतात, त्याचंही काही नाही. पण हे अचानक झालंय. उतरलं नाही, तर परत या. पापणी पडली, डोकं दुखलं, तर वाट बघू नका, थेट मोठं हॉस्पिटल.
सुटलो!

८ मार्च
जैसे थे.

९ मार्च
मालकांशी शेवटी बोललो. ते कपाळाला हात लावून म्हणाले, अरे, धोतऱ्याच्या जातीतलं झाड मागच्या कुंपणाला आहे. तू छाटलीस ती तशाच फुलांची साधी वेल.
मग डॉक्टरांना मी सांगितलं काय? आणि बाहुली कशाने मोठी झाली? आता कुठल्या तोंडाने जाऊ, झाड चुकलं म्हणून?
चष्मेवालीला सांगितलं. हसली नाही.
"चुकलं तेच सांगायला जा. आज जा, शहाण्या."
शहाण्या म्हणाली! संध्याकाळभर तेवढंच डोक्यात. डोकं जरा ठणकतंय. उद्या जातो.

१० मार्च
डावी पापणी अर्ध्यावर आलीये. उचलत नाही. वहिनी गाडी आणायला खाली पळाली.
ही ओळ मला दोनदा दिसतेय.