बोटभर वाकडी सीट

प्रिय राजशेखर,

काल रेश्मावहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात तीन खिळे होते. कुशनवाल्याचं तोंड म्हणजे खिळ्यांचा डबा, हे तुला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, “भाऊजी, यांचा रिपोर्ट साफ आला. मणक्याला काही नाही, नसेला काही नाही. डॉक्टर म्हणाले, बसायचं सुधारा, बास.” खिळ्यांआडून मी नुसतं ‘हं’ केलं. त्यांना वाटलं मला रडू आलं. खिळे काढून ठेवले, फोन ठेवला आणि मग खरंच जरा आलं. पण ते कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा तू चारचौघांत सांगू शकणार नाहीस.

इतक्या महिन्यांत आप्पांचं नाव आपण दोघांनीही काढलं नाही. तुझ्या वडिलांनाही बावन्नाव्या वर्षीच डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पुढची तीन वर्षं ते खिडकीजवळच्या खाटेवर. शाळा सुटली की आपण दोघं मिळून त्यांची कूस बदलायचो, तू खांद्याकडून, मी पायाकडून. त्या पायाचं वजन माझ्या हाताला अजून आठवतं. म्हणून दर शनिवारी पुण्याहून सोलापूरला आईला भेटायला आलास की दुकानात टेकून तू जे सांगायचास, ते मी हसत ऐकायचो आणि रात्री जेवायचो नाही. आधी म्हणायचास, मोहोळ आलं की पाय बधिर होतो. मग टेंभुर्णीलाच व्हायला लागला. तुझं दुखणं हायवेनं उलटं पुण्याकडं निघालं होतं.

आणि तुझी ती गाडी! पिवळीधमक, दोन दारांची, परदेशातून आलेली. साडेचार सेकंदांत शंभरचा वेग घेते, असं तू माझ्या शालनलाही सांगितलंस. तिनं विचारलं, सात रस्त्याच्या सिग्नलवर साडेचार सेकंद मोकळे मिळतात कधी? तेव्हा तू विषय बदललास. इंजिनबद्दल मी बोलणार नाही, ते वाघासारखं आहे. पण आत? सोलापूरचा एक उन्हाळा झाला आणि छताचं कापड मधाच्या पोळ्यासारखं खाली लोंबलं. बटणांवरचा रंग बोटाला चिकटून येतो. डॅशबोर्ड खड्ड्यात असा कण्हतो, की आपणच त्याची विचारपूस करावी. ज्यांनी ती गाडी बनवली त्यांनी सगळी अक्कल पळण्यावर खर्च केली. तिच्यात माणूस बसणार आहे, हे त्यांना शेवटच्या दिवशी आठवलं असावं. आणि शोरूमवाले तुला काय म्हणाले? “स्पोर्ट सीट कडकच असते, सर. सवय होईल.” सवय झाली. पायाला.

सप्टेंबरमध्ये वहिनींना घेऊन आलास त्या दिवशी तू किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, “विकून टाक बे. मला आता ड्रायव्हर लागणार.” इतक्या हळू आवाजात तू आयुष्यात काही बोललेला नाहीस. मी म्हटलं, थांब जरा. सीटवर खडूची पूड पसरली, तुला बसवलं, उठवलं, पाठमोरा उभा केला. काळ्या पँटवर डावीकडं अख्खी पांढरी भाकरी आणि उजवीकडं नुसती चंद्रकोर. शेजारचा टायरवाला सतीश पोट धरून हसला. मग मी सीट खोलली, एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना धक्का न लावता. आतल्या बाजूच्या दोन बोल्टांखाली जाड वायसर, लोखंडाच्या चकत्या, हवेत, ते कारखान्यात कुणी घातलेच नव्हते. सीट डावीकडं बोटभर खाली, तिथला फोम दबून चपाती झालेला आणि लोखंडी पट्टीची कड नेमकी तुझ्या मांडीखाली. लेथवर दोन वायसर करून घेतले, फोम बदलला, जुन्याच भोकांतून हातानं शिलाई घातली. पुढच्या शनिवारी टेंभुर्णी गेली, मोहोळ गेलं, पाय जागाच. तरी डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या त्या सांगितल्याच, आणि काल तो फोन आला. तीन आठवड्यांनी मी काल दोन वेळा पोटभर जेवलो.

तू सगळ्यांना सांगत सुटलायस की सिद्रामनं खडूनं दुखणं पकडलं. ते ऐकवत नाही, म्हणून हे पत्र. राजशेखर, तो खडूचा सगळा तमाशा होता. मला फेब्रुवारीपासून माहीत होतं.

पहिल्यांदा गाडी दाखवायला आलास ना, तेव्हा दुकानासमोर वीसेक माणसं जमली होती. मी सवयीनं शिलाईवर बोट फिरवायला गेलो आणि तू म्हणालास, “हात नको लावू बे, ही फॅक्टरीची शिलाई हाय, रिक्षाचं कुशन न्हाय.” सगळे हसले. मीही हसलो. मग तू ऐटीत आत बसलास आणि मला दिसलं, तुझा डावा खांदा पडलाय, शर्टाची बटणं स्टेअरिंगच्या मध्यावर येत नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी माणसं बसताना बघत आलोय. मनात म्हटलं, बस तसाच वाकडा. पुढं मुंग्या सुरू झाल्या तेव्हा मीच स्वतःला बजावलं, दोष सीटचा म्हणावं आणि निघावं आप्पांचंच दुखणं, तर उशीर व्हायचा. पण ते नंतर शोधलेलं कारण. खरं कारण ती रिक्षा. सात महिने, राजशेखर. ज्या हातांनी आप्पांचा पाय उचलला, ते हात मी सात महिने घडी घालून बसलो. शालनला हे काल सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगताय, त्यांना सांगा. फोनवर माझ्या तोंडात नेहमी खिळे असतात, म्हणून लिहितोय.

रागाव, शिव्या दे, तुला हक्क आहे. पण रागावून येणं थांबवू नकोस, आणि येताना वहिनींना घेऊन ये. त्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी कमरेवर हात ठेवला होता. शेजारची सीटही तशीच असणार. दोन वायसर आजच करून ठेवले आहेत. या वेळी मी लगेच सांगतोय.

तुझाच,
रिक्षाचं कुशन शिवणारा
सिद्राम