नाम्याचं बेअरिंग

प्रिय पास्कू,

आज जेवणाच्या सुट्टीत झाकण माझ्यापुढे आलं, म्हणून हे लिहायला बसलो.

गोष्ट सांगणाऱ्याच्या डब्याचं झाकण उलटं करून सगळ्यांत फिरवायचं आणि प्रत्येकाने आपला पहिला घास त्यात ठेवायचा, ही वालीवच्या आपल्या कारखान्यातली रीत. इतकी वर्षं ते झाकण तुझंच असायचं. पॅकिंगमध्ये खोके चिकटवणारा तू, पण सुट्टीत राजा! आणि मी, अख्ख्या कारखान्याची यंत्रं सांभाळणारा, तुझ्या झाकणात भेंडी वाढायचो.

तुझ्या गोष्टीतला तो नाम्या! मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये कपबश्या विसळणारा. मशीन बंद पडलं की टायवाले साहेब घामाघूम, आणि नाम्या नुसता कान लावून दोष ओळखणार, कुणी बघत नसताना दुरुस्त करणार आणि परत मोरीवर.

"असा एक माणूस आपल्याकडे पाहिजे होता राव!" प्रेसवरचा शिंदे म्हणायचा. अरे, मग मी कोण होतो? त्याच सकाळी त्याचा प्रेस मी चालू करून दिलेला! सातवीनंतर भंगारातली यंत्रं उघडून उघडून शिकलो मी. कॉलेज नाही, गुरू नाही. आणि कौतुक कुणाचं, तर जन्मालाच न आलेल्या माणसाचं! नसलेल्या माणसावर जळणारा अख्ख्या वसईत मी एकटाच असेन.

बरं, तुझ्या नाम्याला काम तरी धड येत होतं का? बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलंन! मी तिथेच म्हणालो, "पास्कू, बेअरिंग ठोकत नाहीत. तेलात गरम करतात, मग ते शाफ्टवर अलगद सरकतं."

तू बोंबलाचा काटा काढत म्हणालास, "कदम, तुझं बेअरिंग तू बसव. नाम्याचं नाम्या बसवेल."

सगळे हसले. अजून ऐकू येतं ते हसू.

आणि एकदा तरी साहेबांना कळू दे, असं मी किती वेळा सांगितलं तुला? एकदा तरी त्याच्या गळ्यात हार पडू दे! तू मान हलवायचास. "कळलं की संपला नाम्या."

मग एका शुक्रवारी भोंगा वाजला, तेव्हा गोष्टीतल्या कंपनीचं सगळ्यात मोठं मशीन बंद होतं आणि नाम्या ट्रे घेऊन दारात उभा होता. सोमवारी तू आलाच नाहीस. झोपेत गेलास म्हणे. असं कुणी जातं का रे, गोष्ट अर्धी टाकून?

भुईगावला तुझ्या मातीला आम्ही सगळे आलो होतो. फादरची प्रार्थना संपते न संपते तोच शिंदे डोळे पुसत माझ्या कानात, "कदम, आता नाम्याचं काय होणार?" तिथेसुद्धा नाम्या!

आज शेवटी म्हणालो, पुढचं मी सांगतो. झाकण भरलं. शेवट महिनाभर घोटून ठेवला होता: नाम्या मशीन चालू करतो, साहेब मागून बघतो, हार, टाळ्या, नाम्याला स्वतःचं टेबल. माझ्या गोष्टीतला साहेब जिना उतरायला लागला, एवढ्यात शिंदेचा घास हातातच राहिला. "ए कदम, नको हां! बघितलं तर त्याला वर नेऊन बसवतील. मग आपल्यात कोण राहील?"

कुणीच हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, पण वाट तुझ्या माणसाची बघत होते. भोंगा वाजला म्हणून वाचलो.

खरं सांगू? झाकण माझं, घास माझे, आणि तरी जळतोच आहे मी तुझ्यावर.

पण शब्द देतो. उद्या साहेब जिन्यावरूनच माघारी जाईल. कुणालाही काही कळणार नाही. नाम्या कपबश्या विसळायला जाईल, तुला हवा तसा.

बेअरिंग मात्र तो तेलात गरम करूनच बसवेल. तेवढं माझं.

तुझाच,
कदम फिटर, आचोळे