मंदी, दरोडा आणि रविवारचं स्थळ

सातपूर, नाशिक
मार्च २००९

ती. पुंजाराममामांना उज्वलाचा वाकून नमस्कार, मामींनाही तसाच. तुमचा गुडघा कसा आहे? दिलेलं तेल चोळता का, की बाटली अजून फळीवरच आहे? इकडे ताईकडे सगळे ठीक. भाऊजी तर जरा जास्तच ठीक आहेत, कारण कारखान्याने त्यांना निम्मा आठवडा घरी बसवलं आहे आणि ते दिवसभर ताईला स्वयंपाक शिकवतात. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन मामी उचलतात, आणि मामींना सांगितलेली गोष्ट तुमच्याआधी कळवणच्या बाजारात पोचते (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका). शिवाय मला सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे. आण्णांनी तुम्हाला त्यातला फक्त शेवट सांगितला असणार.

त्याचं असं झालं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रबंध लिहावा लागतो. वर्गात निम्म्यांनी कांदा घेतला, उरलेल्यांनी द्राक्षं. मॅडम मलाही म्हणाल्या, तू कळवणची, तू कांदाच घे, घरचा विषय आहे. पण मामा, लहानपणापासून कांद्याच्या चाळीत बसून कांदे निवडल्यावर पुन्हा प्रबंधातही तेच करायचं माझ्या जिवावर आलं. त्याच सुमारास एकदा भाऊजींचे मित्र ओट्यावर जमले होते. सगळे कारखान्यांतले, सगळ्यांच्या पाळ्या कमी झालेल्या. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या म्हणून सातपूरच्या माणसाने घरी का बसायचं, हे मी त्यांना समजावून सांगत होते (मला स्वतःला ते अर्धंच समजलं आहे). तेव्हा भाऊजी म्हणाले, "आता एखादी बँक लुटायचीच राहिली बघा." सगळे हसले आणि पत्ते पिसायला लागले. मला मात्र हसू आलं नाही. मला वाटलं, खरंच की, मग लुटत का नाहीत? म्हणजे भाऊजींनी लुटावी असं नाही. पण खिसा रिकामा, दिवस रिकामा आणि रस्त्यापलीकडे बँक, तरी माणूस बसून पत्तेच का पिसतो? की कुठेतरी कुणीतरी खरोखर उठतो? कठीण काळात बँकांवरचे दरोडे वाढतात का, हा प्रश्न पोळ्या लाटतानाही माझी पाठ सोडेना. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण विषय मंजूर केला.

आधी वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली. त्यातून एवढंच कळलं की दरोडा हा स्वस्तातला धंदा नाही. गाडी लागते, पेट्रोल लागतं, विश्वासाची चार माणसं लागतात. आता मंदीत जिथे रिक्षावाल्याला गिऱ्हाईक मिळत नाही, तिथे दरोड्याला भांडवल कोण घालणार? (हे मी भाऊजींना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आमचं तेही नशिबात नाही.") वर्तमानपत्रांवर प्रबंध होत नाही, प्रत्यक्ष पाहणी हवी, म्हणून मी प्रश्नावली घेऊन इथल्याच एका बँकेत गेले. रोकड कधी येते, पहारेकऱ्याचा दुपारी डोळा लागतो का, धोक्याची घंटा खरंच वाजते का, असे साधे प्रश्न. पहिल्याच प्रश्नाला मला हाताला धरून बाहेर नेण्यात आलं. पिशवी तपासली. तीत प्रश्नावली, पाण्याची बाटली आणि ताईच्या मुलाचा एक पायमोजा निघाला. मोजा एकच का आणि कशासाठी, असं त्यांनी विचारलं, आणि तो मी तोंडावर चढवायला आणला असं त्यांनीच ठरवलं (तो बालवाडीतल्या मुलाचा आहे). कॉलेजचं पत्र दाखवलं तेव्हा सुटले. पण त्या निमित्ताने पायरीवर बराच वेळ उभी राहिले आणि एक गोष्ट दिसली. पायरीवर, टपरीवर, पलीकडच्या कठड्यावर, सगळीकडे काम नसलेली माणसं बसलेली होती. मला बाहेर काढताना त्या सगळ्यांनी पाहिलं. कुणाच्याही नजरेतून काही सुटत नव्हतं. इतके साक्षीदार असताना कोण दरोडा घालेल? मग दरोडेखोराच्या सोयीचा काळ मंदीचा नसेलच. सुगीचा असेल, जेव्हा तिजोरी भरलेली आणि सगळी माणसं कामात. मामा, ही कल्पना सुचली तेव्हा मला पिशवी तपासल्याचं काही वाटेनासं झालं.

सुगी बघायची म्हणून मी दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या सहकारी बँकेत गेले (नाव लिहीत नाही, संशोधनात ते गुप्त ठेवायचं असतं). द्राक्षांची काढणी जोरात होती. पायरीवर चिटपाखरू नव्हतं. व्यवस्थापक स्वतःच्या बागेत गेले होते. आत एक मान खाली घातलेले रोखपाल, दारात बंदूक घेतलेला तरणा पहारेकरी, आणि लंकाबाई. या लंकाबाई कागदोपत्री शिपाई, पण चहापाण्यापासून सगळी शाखा त्याच चालवतात. मी वही उघडली आणि विचारलं, "दारातला पहारेकरी कायम आहे की कंत्राटी?" त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बस गं बाई. गोरक्ष ना? कायम हाय. बापाच्या जागी लागला. तू कुण्या गावची?" संशोधकाने स्वतःची ओळख खरी सांगावी असं पुस्तकात आहे, म्हणून मी नाव, आडनाव, गाव, आण्णांचं नाव, तुमचंही नाव, सगळं सांगितलं. आडनाव ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली. मग मी विचारलं, दारू पितो का? "सुपारीचं खांड बी नाय तोंडात." दुपारी झोपतो? "जेवल्यावर जरा डोळा लागतो, पण घोरत नाय." (घोरण्याचा प्रश्न माझ्याकडे नव्हता, तरी लिहून घेतलं.) बंदूक चालते का? तर म्हणाल्या, रोज पुसतो, पण काडतुसं साहेबाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबाच्या घरी, शेवटची उडाली ती बँकेच्या उद्घाटनाला. "म्हंजी सोभाव लय शांत हाय," असं वर त्यांनीच जोडलं. या दिवसांत तिजोरीत किती रोकड असते, असं विचारलं, तर त्यांनी आधी गोरक्षचा पगार सांगितला, मग त्याच्या घरच्या बागेचं क्षेत्र, आणि मग जाता जाता तिजोरीचंही सांगून टाकलं. खेड्यातल्या माणसांच्या मोकळेपणावर मी त्याच दिवशी प्रबंधात एक भावपूर्ण परिच्छेद लिहिला. तो आता खोडावा लागणार आहे.

दुसऱ्या खेपेला गोरक्षने दाढी केलेली होती आणि गणवेशाला इस्त्री होती. मी "पहाऱ्याचा दर्जा सुधारतो आहे" अशी नोंद केली. त्याने बागेतली द्राक्षं आणून दिली, ती मी नमुना म्हणून घेतली आणि बसमध्ये खाल्ली. मला वही भरताना पाहून त्याने विचारलं, हे सगळं कशासाठी. मी त्याला रिकामी पायरी आणि भरलेली पायरी हा माझा सगळा विचार सांगितला. त्याने तो मध्ये न बोलता ऐकला (मामा, हे मॅडमनीसुद्धा केलेलं नाही). तिसऱ्या खेपेला लंकाबाईंनी कपाला बशी लावून चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "त्याच्या घरून होकार हाय. येत्या रविवारी तुझ्या घरी यायलेत." मी विचारलं, कशाला? "कशाला म्हंजी? पोरगी बघाया. तू पोरगा बघून गेली, आता त्यांनी नगं का बघाया?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे स्थळ आलं की मुलीकडचा एखादा काका मुलाच्या नोकरीच्या जागी जाऊन गुपचूप चौकशी करतो: कायम आहे का, पितो का, घरचं किती. तुम्हीही ताईच्या वेळी भाऊजींच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन हेच विचारलं होतं. माझी प्रश्नावली म्हणजे ओळीने तीच. फरक इतकाच की काकाऐवजी मुलगी स्वतः आली, आणि लंकाबाईंनी त्याचा दोष शिक्षणाला दिला. म्हणजे ज्या प्रश्नांनी सातपूरला मी दरोडेखोर ठरले, त्याच प्रश्नांनी दिंडोरीला नवरी. (हे पत्र कुणा खऱ्या दरोडेखोराच्या हाती पडू देऊ नका. त्याने सोबत एखादी पोक्त मावशी घेतली, तर अर्ध्या जिल्ह्यातल्या तिजोऱ्या त्याला चहासकट दाखवतील.)

तिकडचा निरोप घरी पोचताच आण्णांचा फोन आला. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते खूश आहेत. म्हणाले, "मला सांगायचं ना पोरी, मीच गेलो असतो चौकशीला. तुला एसटीने कशाला हेलपाटे?" मी म्हणाले, आण्णा, तुम्ही मामांना शब्द दिला आहे, एम.ए. होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. तर म्हणतात, "मी कुठं काढलं? तूच काढलं." तिकडची मंडळी वैशाखातच उरकायचं म्हणतात आणि माझी तोंडी परीक्षा वैशाखातच आहे. एकदा मांडव पडला की परीक्षा पुढच्या वर्षी, आणि पुढचं वर्ष कुणाचं आलं आहे? ताईचा शिवणाचा वर्ग अर्धा राहिला तो असाच. आपल्या घरात कॉलेजची पायरी मी पहिली चढले, तीही तुम्ही आण्णांसमोर अडून बसलात म्हणून. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाताशी आलेलं असताना मला मधूनच उठायचं नाही. म्हणून हात जोडून सांगते, रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने आमच्या घरी जा आणि आण्णांना त्यांचा शब्द आठवून द्या. गुडघ्याला पट्टा बांधून जा. मामींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, खरं सोडून काहीही चालेल.

तुमची भाची,
उज्वला

ता. क. पाकीट बंद करताना एक गोष्ट सुचली. पाहुण्यांना येऊच नका असा निरोप मात्र धाडू नका. गोरक्षचे वडील कारभारीबाबा बहात्तरच्या दुष्काळात त्याच बँकेच्या दारात पहाऱ्याला उभे होते. तेव्हा पायरीवर गर्दी असायची की सगळे खडी फोडायला गेलेले असायचे, आणि तिजोरीकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं का, हे सांगणारा माणूस मला दुसरा मिळणार नाही. पण मी पोह्यांचं ताट घेऊन बसलेली असणार, आणि त्या बैठकीत मुलीने फक्त उत्तरं द्यायची असतात. म्हणून प्रश्न तुम्ही विचारा. वेगळ्या कागदावर लिहून जोडले आहेत. मुलाच्या घराची चौकशी करतो आहोत अशा सुरात विचारा, त्या सुरात माणसं काहीही सांगतात, हे आता सिद्ध झालं आहे. उत्तरं लिहून झाली की मग नकार द्या. आधी नको.

आणखी एक ता. क. त्या कागदाच्या मागे पेन्सिलीने एक प्रश्न आहे: सुनेला लग्नानंतर परीक्षेला बसू देतील का. हा प्रबंधातला नाही. हा कारभारीबाबांना विचारू नका, गोरक्षला एकट्याला अंगणात गाठून विचारा. तो हो म्हणाला, तर नकार जरा बेताने द्या, तारखेपुरता. पुढे पीएच.डी.साठी मला त्या शाखेत पुन्हा जावं लागणार आहे.