खाटेपाशी न ठेवलेला माइक

नाहूर, रविवार, दिवेलागण

आईच्या खाटेपाशी होम थिएटरचा सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, फार घुमतो. दुपारी मी आवाज मोजायचा माइक तिथे ठेवून तो घुमणारा बेस सेटिंगमध्ये हाताने उतरवला. आई म्हणाली, "आता छातीत धडधडत नाही रे."

संध्याकाळी धाकट्या सुनीलने माइक फक्त सोफ्यावर ठेवून ऑटो करेक्शन, म्हणजे माइकवर ऐकून यंत्राने आपोआप आवाज जुळवणं, चालवलं. यंत्राला तिथे बेस कमी वाटला, त्याने मी उतरवलेलं सगळं परत चढवलं. माइक असेल तेवढीच जागा यंत्रासाठी घर.

म्हटलं, "एकदा खाटेपाशीही ठेव ना."

"दादा, तिथे कोण पिक्चर बघतं?"

आईने ऐकलं. अंथरूण उचलून स्वयंपाकघरात गेली. देवा, हाही तिचाच मुलगा ना?

सुनील खाटेकडे बघत म्हणाला, "बरं झालं. इथे दुसरा सबवूफर बसेल."